खुराडा बांधायचा तो मे महिन्याच्या रात्रीसाठी

हिंगणघाटकडच्या एका भावानं विचारलंय. घरामागं, गुरांच्या कोठ्याला लागून रिकामी जागा आहे. बारा कोंबड्या, एक कोंबडा. तयार मिळणारा टिनाचा खुराडा घेतला होता, चार फूट बाय तीन फूट, लोखंडी पायांवर उभा. गेल्या मे महिन्यात एका रात्रीत चार कोंबड्या मेल्या आणि पावसाळ्यात पिल्लं एकेक करून गायब झाली. घरचे म्हणतात, मुंगसानं नेली. आता मृगाच्या आत नवा खुराडा उभा करायचा आहे. तर किती मोठा, जमिनीवर की खांबांवर, टिन की कवेलू, आणि पिल्लं कशी वाचवायची?

भाऊ, मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडची पशुसखी. बचत गटाच्या बायांचे खुराडे बांधून घेणं, लस टाकणं, मेलेली कोंबडी बघून कारण सांगणं हेच माझं काम. तुमची काळी माती आणि आमची झाडीपट्टीची धानाची जमीन यांत फरक आहे. तो जिथं आड येईल तिथं सांगते.

आधी त्या चार कोंबड्यांचं. त्या रोगानं मेल्या नाहीत, कोंडून मेल्या. मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं, एका रात्रीत चार मेल्या असत्या तर आठवडाभरात बाकीच्याही गेल्या असत्या. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून सुटे धरायचे, एवढंच तिच्या हातात. दिवसा ती मोकळी असते, म्हणून निंबाखाली, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, कोठ्यातल्या ओलाव्यात बसून ४५ अंशही काढते. जीव जातो तो दिवस मावळल्यावर. आपण तिला हाकलून आत घालतो, कडी लावतो. टिन तेव्हा दिवसभराचं ऊन परत सोडत असतं, आत तेरा जिवांची ऊब, आणि वाऱ्यासाठी पत्र्यात पाडलेली चार भोकं. बारा चौरस फुटांत तेरा पाखरं होती तुमची. बाजारात मिळणारे हे खुराडे दिसायला छान असतात, पण ते विदर्भाचा उन्हाळा न बघितलेल्या माणसानं काढलेले असतात असंच मला वाटतं.

म्हणून खुराड्यातली कोणतीही गोष्ट ठरवताना एकच विचारायचं: नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, रात्री आठ वाजता इथं काय होईल? थंडीचं भय आपल्याकडे उगाच वाढवून ठेवलंय. डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० अंशांवर येतो, पण पिसं भरलेल्या मोठ्या कोंबडीला त्याचं काही वाटत नाही. तिला बाधतो तो थेट अंगावर येणारा वारा, आणि तो एका पोत्याच्या पडद्यानं अडतो. बंद पेटी मात्र कशानंही थंड होत नाही. लोक मुंगसाच्या भीतीनं भिंती बुजवत जातात आणि कोंबड्या उन्हाळ्यात घालवतात. मुंगसाला जाळी अडवते. भिंतच पाहिजे असं नाही.

आता माप. दिवसभर चरायला मोकळ्या असणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा धरा. दीडमध्येही भागतं, पण पिल्लं मोठी होतात, पाहुणी कोंबडी येते, कोणी विकायची राहून जाते. तुमच्यासाठी आठ फूट बाय चार फूट ठीक, सोळा पाखरं आरामात बसतील. आठ फुटांची बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. मग सकाळचं आणि दुपारनंतरचं ऊन फक्त चार-चार फुटांच्या आखूड भिंतींवर येतं आणि लांब बाजू उत्तर-दक्षिण मोकळ्या राहतात. पश्चिमेला निंब किंवा करंज असेल तर त्याच्या सावलीत बांधा. झाडाच्या सावलीची बरोबरी कोणतंच छप्पर करत नाही. कोठ्याच्या भिंतीला चिकटवून बांधू नका, मधे तीन-चार फूट सोडा. चिकटवलं की एका बाजूचा वारा गेलाच, शिवाय गुरांच्या गोचिडांना आणि कोठ्यातल्या घुशींना आयता रस्ता मिळतो. घरापासून लांबही नको. रात्री कोंबड्यांनी कलकल केली तर खाटेवरून ऐकू आली पाहिजे. ताडोबाच्या बाजूच्या, गडचिरोलीच्या गावांत तर बिबट्यासाठीही हे पाळावं लागतं.

जमिनीवर की खांबांवर, याचं उत्तर पावसावर आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत पाऊस जास्त, बांध्यांचं पाणी घरापर्यंत येतं, तिथं बांबूच्या पट्ट्यांची फळी करून दोन-अडीच फूट उंच खुराडा करण्यात अर्थ आहे. विष्ठा खाली पडते, आतली जमीन कोरडी राहते. पण त्या पट्ट्यांखाली जाळी ठोकावीच लागते, नाहीतर खालून कुत्रं कोंबड्यांची बोटं तोडतं. तुमच्याकडे मी जमिनीवरच सांगेन, फक्त जोतं उचलून. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट काहीही उभं केलं की वर्षभरात वाकडं होतं. म्हणून जागेवरची काळी माती फूटभर काढून टाका, खड्ड्यात मुरूम भरून पाणी मारून धुमसा, आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जोतं फूटभर वर घ्या. त्यावर विटा आडव्या बसवून सांधे सिमेंटनं भरले तर घूस खालून येत नाही. पैसे नसतील तर मुरुमाच्या पोटात जाळी अंथरा, वर तीन इंच मुरूम आणि शेणामातीचं सारवण. उतार दाराकडे, नुसता कळण्यापुरता.

खांब सहा. उत्तरेचे तीन जमिनीच्या वर साडेसात फूट, दक्षिणेचे तीन साडेसहा, आणि प्रत्येकी दोन फूट जमिनीत. सागाच्या बल्ल्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर जुन्या घराची काढलेली लाकडं गावात कोणाकडेतरी पडलेली असतातच. जमिनीत जाणारं टोक विस्तवावर काळं होईपर्यंत भाजा किंवा ट्रॅक्टरचं जळकं ऑइल दोन-तीनदा पाजा, वाळवी लवकर लागत नाही. खांबाच्या खड्ड्यात काळी माती परत लोटू नका, दगड-मुरूम ठासा. उंची जास्त वाटेल. पण माणूस वाकून जाईल एवढाच खुराडा असला की तो कधी झाडला जात नाही, आणि टिन कोंबडीच्या डोक्यावर हातभर अंतरावर असलं की ती त्या टिनानंच भाजते.

छपराला खरा वेळ द्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात वर्धा-नागपूरकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नेमका त्याच दिवसांत नवतपा. म्हणजे भिंती कुठल्याही असोत, दुपारचं सगळं ऊन छपरावर पडतं. कवेलू टिनापेक्षा थंड, यात वाद नाही. पण वांदरं कवेलू ठेवतात का जी? अर्ध्या विदर्भानं कवेलू काढून टिन टाकलं ते वांदरांच्या उड्यांमुळंच. तुमच्या गावात वांदरांचा त्रास नसेल आणि घरचे कवेलू पडून असतील तर बिनधास्त वापरा, उतार मात्र जास्त द्यावा लागेल. नाहीतर टिनच घ्या आणि ते झाका.

टिन दहा फुटी, चार नग. उत्तर-दक्षिण टाकायचं, उंच बाजू उत्तरेला, उतार दक्षिणेला. खोली चार फुटांची, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन फूट छप्पर बाहेर येतं. हे बाहेर आलेलं छप्परच तुमची अर्धी भिंत आहे. आपल्याकडचा पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो, दक्षिणेला उतरता पत्रा तो आत येऊ देत नाही आणि वारा मात्र खालून खेळता राहतो. टिन नुसतं खिळ्यांवर ठेवू नका, वावधनात उडतं. स्क्रूनं आवळा आणि दोन्ही टोकांवरून तार घेऊन खांबांना बांधा.

मार्च-एप्रिलमध्ये टिनावर चुन्याचे दोन हात द्या. मग त्यावर तुराट्यांचा वीतभर जाड थर, वरून बांबू आडवे आणि तारेनं बांधलेले. तूर निघाल्यावर तुराट्या घरात असतातच. मृग लागला की थर काढून चुलीत घाला. पावसात भिजलेल्या तुराट्या टिनावर राहिल्या की पत्रा गंजतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, वापरू नका. त्यांवर राहिलेल्या कवड्यांत, म्हणजे सुकलेल्या बोंडांत, गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि तुमच्याच पुढच्या कपाशीवर येते. चुलीच्या धुराड्याची ठिणगी या थरावर पडणार नाही एवढं अंतर बघा. काही जण तुराट्यांऐवजी टिनाखाली बांबूच्या तट्ट्याचं छत करतात. गारवा येतो, पण तट्टा आणि टिन यांच्या पोकळीत उंदीर बिऱ्हाड करतो आणि त्याच्या मागं साप येतो. जे घालायचं ते टिनाच्या वर घाला.

भिंतींत कंजूषी करा, हरकत नाही. पश्चिमेची भिंत पूर्ण भरीव. तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड, दोन्ही अंगांनी शेणामातीनं लिंपलेला. आमच्याकडे बुरुडाकडून तट्टे घेऊन लिंपतात. उत्तर-दक्षिण बाजूंना खालून दीड फूट विटांची भिंत, त्यावर थेट छपरापर्यंत जाळी. पूर्वेला दार, तेही वरून जाळीचं. हिवाळ्यासाठी उत्तरेच्या जाळीला युरियाच्या पोत्यांचा पडदा शिवून ठेवा, बाहेरून लटकणारा, खाली काठी घातलेला. पोती आधी चांगली धुऊन घ्या. रात्री तो कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या उंचीपर्यंत सोडायचा, वरचा हातभर भाग उघडाच. सकाळी खुराड्यात जाऊन कोंबडीच्या उंचीला वाका आणि एक श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर वारा कमी आहे किंवा खालचं अंथरूण ओलं आहे. नाकाशिवाय दुसरं यंत्र लागत नाही.

पैसा घालायचा तो जाळीत. दुकानदार ‘कोंबडी जाळी’ म्हणून षट्कोनी भोकांची पातळ जाळी देतो. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं दातानं ओढून ती उसवतं. अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. चार फूट रुंदीची साधारण चाळीस-पंचेचाळीस फूट लागेल, त्यात खालचा पदरही येतो. पदर म्हणजे भिंतीच्या पायापासून बाहेरच्या अंगाला दीड फूट जाळी जमिनीवर आडवी अंथरायची, भिंतीला घट्ट धरून, वर दगड आणि माती. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायाशी उकरतं. पंजा जाळीवर लागला की तिथंच थोडा वेळ खटपट करून निघून जातं. दीड फूट मागून सुरंग काढायचं त्याला सुचत नाही. जाळी नुसत्या यू-खिळ्यांवर सोडू नका, वरून लाकडी पट्टी ठोका. भिंतीचा माथा आणि टिनाच्या पन्हाळ्या यांच्यामधे जी भोकं राहतात तिथंही जाळीचे तुकडे कोंबा. सगळी तटबंदी करून ती भोकं मोकळी सोडलेले खुराडे मी कितीतरी पाहिलेत. दाराला दगडी उंबरा, खालची फट बोटभरही नको, आणि कडीत खिळा अडकवायचा.

आता तुमचं मुंगूस. पिल्लं दिवसा गेली की रात्री, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. मुंगूस दिवसा फिरणारं जनावर आहे. रात्री ते बिळात झोपतं. पिल्लं रात्री खुराड्यातून गेली असतील तर चोर दुसरा. रात्री पिल्लू गेलं आणि कोपऱ्यात बीळ, बिळाच्या तोंडाशी पिसं, कधी अर्धवट खाल्लेलं पिल्लू, तर ती घूस किंवा मोठा उंदीर. अंडी अख्खीच्या अख्खी नाहीशी, टरफलाचा तुकडाही नाही, तर साप. फुटलेली, चाटलेली टरफलं दिवसा सापडली तर मुंगूस. मोठी कोंबडी रात्री मेली, मुंडकं किंवा मान खाल्लेली आणि धड तसंच, तर रानमांजर नाहीतर उदमांजर. पाच-सहा कोंबड्या मारून टाकलेल्या पण खाल्लेल्या नाहीत, असं कुत्र्याशिवाय सहसा कोणी करत नाही. आणि उघड्यावर चरताना पिल्लू गेलं, मागं काहीच नाही, आईचा एकच ओरडा, तर वर बघा: शिक्रा किंवा घार.

पावसाळ्यात गवत आणि तुरी-कपाशी वाढलेली असते, मुंगसाला आडोसा घरापर्यंत मिळतो. त्यामुळं तुमचा अंदाज खरा असू शकतो, पण मग रात्रीचा खुराडा कितीही मजबूत केला तरी पिल्लं वाचणार नाहीत. त्यांना दिवसाचं वेगळं अंगण लागतं. सहा फूट बाय चार फूट, दोन फूट उंच, चारी बाजूंनी आणि वरून तीच अर्धा इंची जाळी, बांबूच्या चौकटीवर, उचलून हलवता येईल असं. आई पिल्लांसकट त्यात सोडायची, पहिले पाच-सहा आठवडे. अर्ध्या भागावर पोतं टाका, सावली होते. रोज जागा बदला. पिल्लांना कोवळं गवत आणि किडे मिळतात आणि विष्ठा एका जागी साचत नाही, त्यामुळं रक्ती हगवणही कमी होते. सोबत खुराड्याभोवतीचं दहा-बारा फुटांपर्यंतचं गवत कापलेलं ठेवा. मुंगूस उघडं मैदान ओलांडायला बिचकतं.

सापाचं काय करायचं हा प्रश्न लोक विचारतात. तो अंड्यांसाठी येतो, उंदरासाठी त्याहून जास्त येतो, आणि उंदीर येतो सांडलेल्या दाण्यासाठी. संध्याकाळी दाणा उचलून डब्यात बंद करा, निम्मं काम तिथंच होतं. आला तर काठी घेऊन खुराड्यात घुसू नका, जवळच्या सर्पमित्राला बोलवा. धामण असेल तर तुमच्या उंदरांचा बंदोबस्तच करत होती बिचारी.

आतलं सामान थोडं असतं. बसायला दांड्या: एका कोंबडीला आठ इंच धरा, तेरा पाखरांना पावणेनऊ फूट. पाच फुटी दोन दांड्या लांबीच्या दिशेनं, एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन फूट, एकमेकींत दीड फूट अंतर. एक वर आणि एक खाली ठेवली की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. गिरिराज, वनराजसारखी जड पाखरं असतील तर दीड फुटावरच घ्या, उंचावरून उडी मारून त्यांचे पाय दुखावतात. बांबू वापरायचा तर मानवेल घ्या, तो बराच भरीव असतो. कटांग पोकळ निघतो आणि त्याच्या उघड्या तोंडात पिसवा-गोचिडांची वस्ती होते. पोकळच असेल तर दोन्ही तोंडं चुना-मातीनं लिंपा. दांड्या खाचेत नुसत्या ठेवा, ठोकू नका, म्हणजे महिन्याला काढून उन्हात टाकता येतात.

अंडी द्यायला पश्चिमेच्या भिंतीशी, अंधाऱ्या बाजूला, तीन खुडे पुरतात. चार-पाच कोंबड्यांमागं एक. फूटभर लांब, रुंद, उंच. विटांचे करा नाहीतर फुटकी घमेली चालतील. एवढंच बघा की ते दांडीपेक्षा खाली असले पाहिजेत, नाहीतर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. उन्हाळ्यात अंडी दोनदा गोळा करा. तुमच्याकडे कोंबडा आहे, म्हणजे अंडी फळलेली. २७-२८ अंशांच्या वर ती आतल्या आत वाढायला लागतात आणि मग सडतात. म्हणून मेमध्ये खुडूक कोंबडीखाली साठवलेली अंडी ठेवून उपयोग नाही. २१ दिवसांनी हाती काही लागत नाही आणि कोंबडी बसून बसून वाळते.

खाली अंथरायला आमच्याकडे धानाचं तूस. तुमच्याकडे ते सहज मिळणार नाही. भुईमुगाची टरफलं किंवा सुताराकडचा रंधा मारून निघालेला भुसा तीन-चार इंच टाका. सोयाबीनचं कुटार घरात ढिगानं असतं, पण ते धुळकट असतं आणि ओलावा लागला की बुरशी धरतं. ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते. अंथरूण आठवड्यातून दोनदा फावड्यानं खालीवर करा, ओल दिसली की तेवढं काढून चुन्याची भुकटी भुरभुरवा. पावसाळा संपला की सगळं काढून शेणखतात घाला. ताजं झाडाच्या बुडाशी टाकू नका, मुळं जळतात.

उन्हाळ्यातली कामं वेगळी सांगते, कारण खुराडा चांगला बांधूनही ती चुकली की कोंबड्या जातात. दाणा सकाळी लवकर आणि सूर्य उतरल्यावर टाका. भर दुपारी पोट भरलं की पचनाची उष्णता अंगात वाढते. मातीची कुंडी सावलीत, पाणी दिवसातून दोन-तीनदा बदललेलं. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी त्या दिवसांत दुप्पट पिते. दुपारच्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा. तरटं ओली करून फक्त वाऱ्याच्या बाजूला लावा, समोरची बाजू उघडी ठेवा. मेची हवा कोरडी असते म्हणून ओलं तरट कूलरसारखं चालतं. चारी बाजूंनी लावलं तर आत वाफ कोंडते आणि उलटं होतं. पाऊस सुरू झाल्यावर तरटं ओली करणं बंद. आणि नवतप्यात कोंबड्यांना दिवस मावळताच आत हाकलू नका. अंधार पडेपर्यंत अंगणात राहू द्या, तुम्ही बाहेर खाटेवर असालच.

पिसवा-गोचीड बघायला रात्री जा. दिवसा ते फटींत असतात, रात्री दांडीच्या खालच्या अंगानं अंगावर चढतात. टॉर्च मारून दांडीखालून बोट फिरवा, बोटाला रक्ताचा डाग लागला की समजायचं. दांड्या काढून उन्हात टाका, फटींत रॉकेल किंवा निंबोळी तेलाचा बोळा फिरवा, भिंतींना कळीचा चुना द्या. कोपऱ्यात राख आणि बारीक रेती मिसळून टोपलंभर ठेवा, कोंबड्या त्यात लोळून स्वतःचं बरंचसं काम स्वतः करतात. कपाशीवर मारायचं औषध मात्र खुराड्यात मारू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. त्या औषधाच्या फवारणीनं २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली, कोंबडीची काय कथा. त्या औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणीही ठेवू नका. आणि पेरणीच्या दिवसांत बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं सांडलं असेल तिथं कोंबड्या सोडू नका.

तुमचा जुना टिनाचा खुराडा भंगारात देऊ नका. लांबीचे दोन पत्रे काढून तिथं जाळी लावा आणि तो निंबाखाली, नव्या खुराड्यापासून लांब ठेवा. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी, पाहुण्यानं भेट दिलेला कोंबडा, कळपातलं सुस्त पाखरू, सगळ्यांना आधी दोन आठवडे तिथं. बाजारची कोंबडी मानमोडी घेऊन येते, आणि ती एकदा कळपात शिरली की खुराडा कसा बांधलाय याला काही अर्थ राहत नाही. ग्रामप्रियासारखी सुधारित जात आणायचा विचार असेल तर दोन-तीन गावरान कोंबड्या ठेवाच. सुधारित कोंबड्या अंडी जास्त देतात पण खुडूक बसत नाहीत, उबवणीला गावरानच लागते.

राहिली लस. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची लस, आठव्यात आर-टू-बी या मानमोडीच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. तुमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. घरी आणायची तर बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच. अडचण एवढीच की कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. तुमची पिल्लं असणार आठ-दहा. म्हणून आजूबाजूच्या पाच-सहा घरांत खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायचं आधी ठरवून घ्या, मग पिल्लं एका वयाची निघतात. आणि लसीच्या दिवशी सगळ्यांना सकाळी सातच्या आत, ऊन चढायच्या आधी, पिल्लं टोपल्यात घालून तुमच्या अंगणात आणायला सांगा.